उडीनंतरची तीन पावलं: इंदूरजवळच्या पागेत विक्रीला असलेले पाच घोडे

इंदूर-महू रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारी ही पागा रेसकोर्समधून निवृत्त झालेले थरोब्रेड आणते, सहा-आठ महिने त्यांना उडीचं शिक्षण देते आणि हौशी स्वारांना विकते. विकण्याआधी दोन दिवसांची पाहणी, आणि घोडा पसंत पडला तर सात दिवसांची चाचणी, असा त्यांचा रिवाज आहे. या सप्टेंबरात पाच घोडे विक्रीला होते. ऑक्टोबर ते मार्च या काळात क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांवरची दौड, करू पाहणाऱ्या स्वाराच्या नजरेने पाचही तपासले. पागेत घोडे रंगावरून ओळखतात: कुमैत म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस, सुरंग पूर्ण तांबूस, अबलख ठिपकेदार, मुश्की काळा आणि सब्जा करडा-पांढरा. निकाल आधीच सांगतो: कुमैत घोडा निश्चिंत मनाने घ्यावा, सुरंग घोडी घ्यावी पण तिच्याकडून पहिल्या वर्षी अर्धाच मोसम मागावा, अबलख शिकाऊ स्वारासाठी उत्तम, मुश्की आणि सब्जा यंदा सोडून द्यावेत. पागेची सेवा चांगली आहे. दोन-तीन गोष्टी मात्र मुद्दाम मागून घ्याव्या लागतात, नाहीतर पाहणीचा निम्मा उपयोग वाया जातो.

हौशी घोडेस्वारांची स्टीपलचेस, म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट, ही इंग्लंड-आयर्लंडची गोष्ट. साधारण तीन मैलांचं अंतर, बर्चच्या फांद्या घट्ट बांधून केलेले सव्वाचार फुटांच्या पुढचे अडथळे आणि पाठीवर हौशी स्वार. आयर्लंडात चार-पाच वर्षांचे कोरे घोडे याच मैदानांवर पारखले जातात. २००२ ते २००४ सलग तीन वर्षं चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकणारा बेस्ट मेट अशाच एका पॉइंट-टू-पॉइंटमध्ये प्रथम नजरेत भरला होता. आपल्याकडे तसा मोसम नाही. त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे इव्हेंटिंगमधली, घोडेस्वारीच्या तीन अंगी स्पर्धेतली, क्रॉस-कंट्री. २००४ पूर्वीच्या मोठ्या इव्हेंटिंगमध्ये तर स्टीपलचेसची एक वेगळी फेरीच असे, मिनिटाला ६४० ते ६९० मीटर वेगाची. आता पहिल्या दोन पायऱ्यांवर वेग ५०० ते ५२० मीटर आणि पक्के अडथळे १.०५ ते १.१० मीटर एवढंच मागितलं जातं. बऱ्या थरोब्रेडला हे अजिबात जड नाही. प्रश्न असतो तो मोसमभर, दर तीन आठवड्यांनी, हेच काम धड पायांनी करण्याचा.

म्हणूनच विक्रीच्या दिवशी घोडा किती उंच उडतो याला आम्ही फार किंमत देत नाही. उडीवरून उतरताना क्षणभर सगळं वजन एका पुढच्या पायावर येतं. जिथे दुखतं तिथे घोडा वजन टाकायचं टाळतो, आणि ते उतरल्यानंतरच्या पहिल्या तीन पावलांत उघडं पडतं. एक तर तो पळ काढतो, एका बाजूला सरकतो, पाय बदलतो किंवा एकदम दुडकीवर येतो. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. या दोन जागी नीट पाहिलं तर बाकीच्या बहुतेक चुका माफ होतात.

पाहणीचा पहिला तास उभ्या घोड्याचा. पागेने यासाठी पन्नास पावलांची सपाट काँक्रीटची पट्टी केली आहे, हे मोठं काम. आधी दात. पाच वर्षांचा घोडा म्हणजे कडेचे पक्के दात आलेले; मधले अडीचला, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचार वर्षांना येतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ उभी खाच दिसू लागली की घोडा दहाच्या आसपास आहे. रेसकोर्सवरून आलेल्या घोड्याचं वय कागदावर असतंच, तरी तोंड उघडून पाहावं. कडेचे दात अजून एकमेकांना नीट भिडले नसतील तर लगामाची तक्रार तोंडातून येते आणि स्वार ती स्वभावाची समजतो.

मग वजन. पागेत काटा नाही, पण फीत आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. कुमैताचा घेर १८८ आणि लांबी १६८, म्हणजे ५०० किलो. सुरंग घोडीचा घेर १७९, लांबी १६०, म्हणजे जेमतेम ४३२. हा आकडा चारा, जंताचं औषध आणि बेशुद्धीचं इंजेक्शन, तिन्हीसाठी लागतो, म्हणून तो डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये.

खूर पाहताना इथे खरी उणीव दिसली. पाचांपैकी तिघांचे नाल सहा आठवड्यांच्या पलीकडचे होते. खुराचा पुढचा भाग, म्हणजे अंगठा, लांब आणि टाच खाली बसलेली, ही रेसकोर्सच्या घोड्यांची जुनी सवय, आणि उशिरा नालबंदीने ती वाढते. अंगठा लांब राहिला की खूर उलटायला उशीर होतो आणि नळीमागच्या (गुडघ्याखालच्या हाडामागच्या) शिरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, ताण वाढतो. पाच आठवड्यांनी नालबंद बोलवायलाच हवा. त्यात माळव्याची काळी माती. पावसाळ्यात ती खुराला गोळ्यागत चिकटते आणि सुकली की विटेसारखी होते. सब्जाच्या मागच्या दोन्ही खुरांत पुतळी, म्हणजे तळाचा मऊ त्रिकोण, कुजून काळी पडली होती. खुरणी लावताच वास आला. हा रोग उपचाराने बरा होतो, पण तो होतो ओल्या ठाणावर, आणि ठाण ओलं ठेवणं ही पागेची चूक.

काँक्रीटवरची दुडकी डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकावी. सईसाला दोरी सैल धरायला सांगायचं, दोन हात तरी, म्हणजे डोकं मोकळं राहतं. निरोगी घोड्याची टाप टक्-टक्, टक्-टक् अशी सारख्या अंतराने पडते. मुश्कीची टाप सातव्या-आठव्या पावलाला जरा जड पडत होती. डोळ्यांना काही दिसलं नाही, कानांना मात्र आलं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायासाठी पुठ्ठ्याची, म्हणजे कमरेमागच्या भागाची, वरखाली होणारी उंची पाहायची. त्यानंतर सांधा दुमडून धरण्याची चाचणी: फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा) अर्धा ते एक मिनिट, हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) एक ते दीड मिनिट, आणि पाय सोडताच दुडकी. पहिली दोन-तीन पावलं अडखळली तर चालतं, दहा पावलांनंतरही लंगडला तर नाही. पागेचे डॉक्टर ही चाचणी घड्याळ लावून करतात. अंदाजाने वीस सेकंद धरून सोडणारे बरेच दिसतात, त्यामुळे हे आवर्जून लिहावंसं वाटलं.

सईस मंडळी हॉकच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या गाठीला हड्डा म्हणतात आणि पुढच्या मऊ सुजेला मोथरा. हड्डा दिसला तर एक्स-रेशिवाय सौदा करू नये. मोथरा थंड असेल, दोन्ही पायांत सारखा असेल आणि घोडा लंगडत नसेल, तर तो बहुधा दिसण्यापुरताच असतो. नळीच्या आतल्या बाजूची बेलहड्डी कोवळ्या घोड्यात नेहमीची. थंड आणि कडक झाली असेल तर तिच्यामुळे घोडा नाकारू नये. कुमैताच्या डाव्या पायावर ती आहे, दाबलं तरी तो पाय ओढत नाही.

आता उड्यांची गल्ली. दोन्ही बाजूंनी दोरखंड बांधून केलेल्या अरुंद पट्टीतून घोडा स्वाराशिवाय सोडतात. घोड्याचा मूळ स्वभाव इथे जसा दिसतो तसा पाठीवर स्वार असताना दिसत नाही. मांडणी अशी हवी: जमिनीवर एक दांडा, तिथून २.७० मीटरवर फुलीचा छोटा अडथळा, पुढे साडेपाच मीटरवर सरळ उभा अडथळा आणि त्यापुढे ६.४० मीटरवर ऑक्सर, म्हणजे पुढे-मागे दोन दांड्यांचा रुंद अडथळा. घोडा दुडकीने आत येतो, फुली पार करतो, एक पाऊल, उडी, पुन्हा एक पाऊल, उडी. पागेने शेवटचं अंतर पावणेसहा मीटर ठेवलं होतं. लांब ढांग टाकणारा थरोब्रेड अशा अंतरात फार जवळ येऊन अडकतो, गुडघे आपटतो आणि बघणाऱ्याला वाटतं घोड्यात उडीच नाही. अंतर टेपने मोजून बदलायला सांगितलं आणि त्यांनी लगेच बदललं. दुसरी गोष्ट, प्रत्येक अडथळ्याच्या पायथ्याशी, किंचित पुढे, जमिनीवर दांडा हवाच. घोडा उडीची जागा त्या रेषेवरून ठरवतो. दांडा अडथळ्याच्या मागे सरकला असेल तर त्याचा हिशेब चुकतो.

उंची हळूहळू वाढवायची, ऑक्सर ७० सेंटिमीटरपासून १.१० पर्यंत, आणि एकूण आठ-दहा फेऱ्या पुरेत. याहून जास्त उड्या मारून दाखवणाऱ्या विक्रेत्याला थांबवावं. थकलेला घोडा चुका शिकतो.

सुरंग घोडी गल्लीत आली तेव्हा दुसऱ्याच फेरीला तिचे कान फुलीवर नव्हते, पुढच्या ऑक्सरवर होते. गुडघे दोन्ही सारखे वर, पाठ कमानीसारखी, आणि उतरल्यावर एक, दोन, तीन पावलं त्याच तालात, जणू मध्ये काही आलंच नव्हतं. असा घोडा शिकवून तयार होत नाही. तिसऱ्या फेरीला तिने फुलीवर पाय लावला, दांडा पडला, आणि चौथ्या फेरीला तिने त्याच जागी चार बोटं जास्त उंच उडी घेतली. चुकीनंतर घाबरून थांबणारे घोडे असतात, बेफिकीर राहणारे असतात. चुकीतून हिशेब दुरुस्त करणारे थोडे. कडेचे दात आत्ताच भिडलेत, अंगावर मांस कमी आहे, मागची बाजू अजून भरायची आहे. म्हणून जानेवारीपर्यंत तिला ८० ते ९० सेंटिमीटरवरच ठेवावं आणि मोसमात तीनच स्पर्धा कराव्यात. घाई झाली तर हीच घोडी पुढच्या वर्षी पायाच्या दुखण्याने ठाणावर असेल.

कुमैत, सहा वर्षांचा, खच्ची, १६ हँडचा (एक हँड म्हणजे चार इंच). त्याच्यात डोळे दिपवणारं काही नाही. उडी सपाटच, गरजेपुरती. पण सगळ्या फेऱ्यांत उतरल्यानंतरची पावलं एकदाही बिघडली नाहीत आणि दोन्ही बाजूंना सारखीच. शर्यतीच्या घोड्यांना लगाम ओढला की अंग टाकून आणखी पळायची सवय असते; हा ओढल्यावर मान देतो, म्हणजे पागेने त्याच्यावर खरी मेहनत घेतली आहे. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यात चार दिवस घोडा चालवणाऱ्याने हाच घ्यावा.

मुश्की सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत उंच उडणारा. बघायला आलेली माणसं त्याच्याच ठाणापाशी उभी राहतात. १६.२ हँड, आठ वर्षांचा. ऑक्सरवर तो दीड फूट वरून जातो. पण उतरला की पळत सुटतो आणि तीनही वेळा उजवीकडे सरकला. लांब दोरीवर कँटरला, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, श्वास आत घेताना शिटीसारखा बारीक आवाजही येतो. घशातली, बहुतेक वेळा डाव्या बाजूची, झडप नीट उघडत नसली की असं होतं, आणि मोठ्या अंगाच्या घोड्यात ते जास्त आढळतं. नळी घालून घसा पाहिल्याशिवाय यावर बोलू नये. पण तीन मिनिटांपुढच्या दौडीला ज्याला हवा पुरत नाही, त्याला क्रॉस-कंट्रीचा घोडा म्हणता येत नाही.

अबलख हा मारवाडी मिश्र, नऊ वर्षांचा, १४.३ हँड. टोकाला वळलेले कान, कडक काळे खूर, नाल नसतानाही काँक्रीटवर बिनधास्त चालतो. ९० सेंटिमीटरच्या पुढे त्याचं पाऊल तोकडं पडतं, त्याला इलाज नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पहिली क्रॉस-कंट्री शिकवायला याच्यासारखा गुरू नाही. सब्जा साडेचार वर्षांचा, तळवे पातळ, खुरांची कुज वेगळी. पुढच्या वर्षी पुन्हा पाहावा.

दौडीची चाचणी पागेच्या मागच्या मुरमाच्या पट्टीवर होते, ४०० मीटरच्या खुणा मारून. ५०० मीटरच्या वेगाने तीन मिनिटं, म्हणजे दीड किलोमीटर, स्वाराने घड्याळ मनगटावर ठेवून. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. दौड संपताच ती मोजायची, मग दोन मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. दहा मिनिटांनी ६४ च्या आत आली तर घोडा तयारीत आहे. कुमैत ५६, घोडी ६०, अबलख ५२, सब्जा ६८, मुश्की ७६. सप्टेंबरातल्या दमट हवेत श्वास जलद राहतात, कारण घोडा श्वासाने अंग थंड करतो, त्यामुळे फक्त श्वासांवरून निकाल देऊ नये. पण श्वासांची संख्या नाडीच्या पुढे गेली तर गुदद्वारातलं तापमान घ्यावं. ३७.५ ते ३८.५ सेल्सियस नेहमीचं, ४० च्या जवळ गेलं तर काम बंद, अंगावर गार पाणी ओतत राहायचं आणि सावलीत चालवायचं.

घोडामैदान खरं ते दुसऱ्या सकाळी. पागेची पद्धत अशी की संध्याकाळी पायांना मुलतानी मातीचा लेप लावून पट्ट्या बांधायच्या. रोजच्या कामासाठी हे ठीक, पाहणीच्या रात्री मात्र नाही. लेपाने ऊब आणि सूज दोन्ही दबतात. पट्ट्या नकोत, सकाळी पायांवर पाणीही नको, असं आदल्या दिवशी स्पष्ट सांगावं. पहाटे साडेसहाला, घोडा ठाणावरून हलण्याआधी, नळीच्या मागून हात फिरवायचा, आधी उजवा पाय, मग डावा, पुन्हा उजवा. शीर दोरीसारखी ताठ आणि गार लागली पाहिजे. मुश्कीच्या डाव्या पायात, गुडघ्याखाली चार बोटांवर, तळहाताला कोमट लागलं. पाय उचलून तीच जागा चिमटीत धरली तर त्याने पाय ओढला. शिरेचं दुखणं बहुतेक वेळा असंच, एका रात्रीने उशिरा कळतं. अल्ट्रासाऊंड केल्याशिवाय किती तंतू तुटले ते सांगता येत नाही, आणि तुटलेली शीर भरून यायला वर्षाच्या आसपास लागतं. पागेने हे लपवायचा प्रयत्न केला नाही. त्याच दिवशी मुश्की विक्रीतून काढून विश्रांतीला पाठवला, ही त्यांच्या बाजूने मोठी गोष्ट.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल तिथे अजून बरंच बोललं जातं. घोडीच्या गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे म्हणून तिची किंमत चढवून सांगितली. भोवऱ्यांचा खरा उपयोग ओळखपत्रात, कारण ते जन्मभर बदलत नाहीत. पायांबद्दल ते काही सांगत नाहीत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर पाहावेत, पण नाडी मोजून झाल्यावर.

चाऱ्यात सुधारणा हवी. गव्हाचा भुसा, चणे आणि जवाचा भरडा असा रतीब आहे, हिरवी लसूण घास नावापुरती. ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साडेसात किलो, तरी कोरडा चारा लागतो. तो नुसत्या भुशाचा असेल आणि पाणी कमी पडलं तर आतडं तुंबून पोटदुखी होते. दाणा दोन वेळा साडेतीन-साडेतीन किलो देतात. एका वेळी दोन-अडीच किलोंच्या वर नको, म्हणून तीन वेळा वाटून द्यावा.

कागद नीट आहेत. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल, धनुर्वात आणि इन्फ्लुएन्झाच्या लशींची नोंद, रेस क्लबची कागदपत्रं. पावसाळ्यात माश्यांमुळे सर्राचा ताप येऊन जातो, त्याची रक्ततपासणी मात्र आपण मागावी. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं असेल तर लंगडणारा घोडाही दोन दिवस सरळ चालतो. म्हणून पाहणीच्या वेळीच रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगावं, वाद झाला तर तो उपयोगी पडतो. पागेने विनातक्रार काढून दिला.

चाचणीच्या सात दिवसांत पहिले दोन दिवस नुसतं चालवावं, तिसऱ्या दिवशी ओळखीच्या मैदानावर छोटे पक्के अडथळे, पाचव्या दिवशी अनोळखी जागी पाणी आणि चर. एकटा नेऊन पाहावा, कारण पागेत हे घोडे नेहमी जोडीदारामागून पाण्यात उतरतात. आणि घोडा नेताना पागेतल्याच भुशाची दोन पोती आणि भरड्याचं एक पोतं सोबत मागून घ्यावं. चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचा असतो. एका रात्रीत बदलला तर चाचणीतले तीन दिवस पोटदुखीच्या उपचारात जातात.